पिसांना विरजण

आमच्या दाजींइतका मन लावून निराश होणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. तशी निराशा आमच्या भागात कुणालाच नवी नाही. पाऊस, सोयाबीनचा भाव, एसटीची वेळ, कारण काहीतरी मिळतंच. पण बाकीच्यांची निराशा काम फसल्यावर येते. दाजींची आधी येते, मांडी घालून बसते आणि मग दाजी कामाला हात घालतात. "टिकायचं न्हाई" हे त्यांचं कुठल्याही विषयावरचं पहिलं वाक्य असतं, मग विषय सरकारचा असो की नळाच्या वॉशरचा. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला आणि आमच्या वडलांनी भीत भीत विचारलं, मुलगी पसंत आहे का. दाजी म्हणाले, "मला पसंत हाय मामा. पण मी त्यायला पसंत पडलो तरी ते काही टिकायचं न्हाई." वडलांना हा विनय वाटला आणि त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला. त्याला आता बरीच वर्षं झाली, दोन मुली झाल्या, थोरली शाळेत जायला लागली. तरी दाजी आपल्या संसाराकडे अजून तात्पुरती सोय असल्यासारखंच बघतात.

त्यांच्या निराशेत आळस मात्र कधीच नव्हता, हे आधी सांगायला हवं. नवी चप्पल घेतली की दाजी दुकानातून निघून थेट चप्पल शिवणाऱ्यापुढे उभे राहायचे आणि तुटायच्या आधीच टाके मारून मागायचे. तो माणूस हसायचा, पण टाके मारायचा, आणि ती चप्पल इतकी वर्षं चालायची की शेवटी दाजीच तिला कंटाळायचे. एसटीत ते दाराजवळच बसत, कारण गाडी बंद पडणार हे ठरलेलं, आणि मागून येणाऱ्या गाडीत आधी चढता यावं. बोरीच्या पुढं, त्यांच्या गावाच्या तोंडाशी, ओढ्याच्या काठाला ग्रामपंचायतीच्या जागेत त्यांनी कोंबडीचं दुकान टाकलं, तेव्हा पाटीवर फक्त 'चिकन सेंटर' एवढंच लिहून घेतलं. ताईला वाटत होतं, मुलींचं नाव द्यावं. दाजी म्हणाले, "नाव टाकलं अन् दुकान बसलं, की पाटी कोण घेणार हाय? नुसतं चिकन सेंटर असलं तर कुणालाबी चालंल." दुकान मात्र चाललं. चांगलं चाललं.

मी कॉलेजात गेले तीसुद्धा त्यांच्या निराशेच्या जोरावर. आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, आणि मुलीनं परभणीला खोली करून राहायचं म्हणजे वडलांच्या घशाखाली उतरेना. मी स्वतः काही बोलू शकले नाही. मला अजूनही अशा वेळी बोलता येत नाही. दाजीच बोलले. "पाठवा मामा. शिकून काय व्हणार हाय, काहीच व्हणार न्हाई. पण हितं राहूनबी काय व्हायलंय? तिथं निदान एसटीत बसायची सवय व्हईल." इतका कमी आशेचा युक्तिवाद वडलांनी कधी ऐकला नव्हता. त्यात फसवलं जाण्याचीही काही भीती नव्हती. ते हो म्हणाले. प्रवेशाच्या दिवशी दाजी माझ्यासोबत आले, कॉलेजची इमारत खालपासून वरपर्यंत न्याहाळली, एका खांबाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "बांधलंय तर बरं. बघू." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'सायन्सबाई' झाले.

दाजींना आयुष्यात एकाच गोष्टीचा टिकाऊपणा मान्य होता आणि नेमकी तीच त्यांना नको होती. ती म्हणजे पिसं. दुकानामागच्या खड्ड्यात रोजची पिसं पडत. जाळावी तर केस जळल्याचा वास गावभर. पुरावी तर कुत्री उकरून ओढ्यापर्यंत नेत. पावसात ती भिजून चिखल होत आणि ऊन पडलं की पुन्हा फुलून बसत. दाजी खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणायचे, "लय चिवट चीज हाय, सायन्सबाई. माणूस कुजतो, पीस कुजत न्हाई."

दुसऱ्या वर्षाला आमच्या मॅडमनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला सांगितलं, की केस, नखं, पिसं यांच्यात एकाच जातीचं कडक प्रथिन असतं, आणि ते सहसा कुणाला पचत नसलं तरी मातीत काही जिवाणू असे असतात की ज्यांना ते पचतं. मी वर्गात कधी हात वर करत नाही. त्या दिवशी केला. विचारलं, "मॅडम, कोंबडीची पिसंपण?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पिसं जिथं पडतात तिथली माती आण." मी पुढच्या सुट्टीत दाजींच्या खड्ड्यातली माती स्टीलच्या डब्यात भरून घेतली. ताई डब्यासाठी भांडली. दाजी म्हणाले, "त्यात काय सापडणार हाय? सापडलं तरी टिकायचं न्हाई."

सापडलं. आधी काचेच्या बशीत ठिपके आले, त्यातले एकेक वेगळे केले, वाढवले, पिसाचे तुकडे घातलेल्या पाण्यात सोडले. काही नुसतेच राहिले, काही मेले. एका जातीचे जिवाणू मात्र पिसाला लागले. आधी पिसाच्या कडा झिजल्या, मग नुसता देठ राहिला, आणि शेवटी काचेच्या चंबूत पिवळसर, उग्र वासाचं पाणी उरलं. मी तो चंबू ओढणीत गुंडाळून, मांडीवर धरून एसटीनं दाजींच्या गावी नेला. दाजींनी तो उन्हाकडे धरला. पुन्हा पुन्हा फिरवून बघितला. त्यांच्या तोंडून ते वाक्य आता येईल म्हणून मी थांबले होते. ते आलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "हे आपल्याच खड्ड्यातले?" मी हो म्हणाले. "म्हणजे घरचीच पोरं हायत की," ते म्हणाले आणि चंबू देव्हाऱ्याच्या फळीवर नेऊन ठेवला. ताईनं तो लगेच खाली आणला.

मॅडमनी मला बजावलं होतं, की चंबूत होतं ते पिंपात होईलच असं नाही, कुणाला शब्द देऊ नकोस. मी तसं दाजींना सांगितलंही, पण मी सांगते तेव्हा ते फारसं सांगितल्यासारखं होत नाही. आणि दाजींना सगळं आधीच समजलेलं होतं. "विरजणच हाय की हे," ते म्हणाले. "वाटीभर लावायचं, पातेलंभर व्हतं." त्यांनी एक निळं प्लॅस्टिकचं पिंप आणलं. कोंबडी सोलायला पाणी तापवायचं त्या पातेल्यात पिसं उकळून घेतली, निवल्यावर पिंपात टाकली, मी सांगितलं तेवढी चुन्याची निवळी घातली, आणि वरून चंबूतलं विरजण. जिवाणूंना हवा लागते म्हणून ते बांबूनं पिंप घुसळायचे. सकाळी, दुपारी, गिऱ्हाईक उभं असतानासुद्धा. दुकानाला लागूनच घर होतं; ताई ओट्यावरून बघायची आणि म्हणायची, "घरात कधी ताक घुसळलं न्हाई, अन् हितं पिसं घुसळायलाव."

पहिलं पिंप साधलं. पिसांची लापशी झाली, मग पाणी झालं. दाजींनी ते ताईच्या मिरच्यांना घातलं आणि मिरच्या अशा काळ्याशार झाल्या की शेजारच्या बायका विचारायला लागल्या. आणि मग दाजींमध्ये तो बदल झाला ज्याची ताईला पहिल्यापासून भीती वाटत होती. त्यांना आशा वाटायला लागली. सवय नसल्यामुळं असेल, त्यांना ती बेतानं करता येत नव्हती. ते मला फोनवर म्हणायचे, "मानवतच्या समद्या दुकानायला विरजण देऊ. पोखर्णीला देऊ. फुकट देऊ, विरजणाचे कुणी पैसे घेत असतंय का?" मी हळूच म्हणायचे, दाजी, अजून एकच पिंप झालंय. ते म्हणायचे, "व्हईल गं."

आखाडातली अमावस्या आली, जिला आता सगळे गटारी म्हणतात. दुसऱ्या दिवशीपासून श्रावण, म्हणून त्या दिवशी गावानं जणू महिन्याभराचं खाऊन घेतलं. दाजींच्या दुकानापुढं सकाळपासून रांग होती. खड्डा भरला आणि खड्ड्याशेजारी पिसांचा ढीग लागला. आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी, मारुतीच्या देवळात पोथी लागली असताना, वारं सुटलं. देवळात बसलेल्यांनी पुढचं मला रंगवून सांगितलं आहे. एक पीस महाराजांच्या फेट्यावर बसलं. एक समईत पडून चरचरलं. आणि एक पांढरंशुभ्र पीस तरंगत, घाई न करता, उघड्या पोथीच्या पानावर येऊन टेकलं.

सरपंच ते पीस चिमटीत धरून दुकानावर आले. मी त्या दिवशी तिथंच होते. दाजी घुसळत होते.

"बघ बाबा," सरपंच म्हणाले. "कोंबडी आमी खाल्ली, अन् पिसं आली पोथी ऐकायला."

दाजी बांबू थांबवून उभे राहिले.

"गाव म्हणायलंय दुकान उठवा," सरपंच म्हणाले. "मी म्हणलो, श्रावणभर तसंबी बंदच हाय. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, करीला, आमी चौघं येऊन बघणार. खड्डा रिकामा दिसला, पिसं मिटलेली दिसली, तर खुशाल दुकान उघड. न्हाई दिसली तर जागा ग्रामपंचायतीची हाय. मला कुलूप लावावं लागंल. मग माझ्या तोंडाकडं बघू नको."

"व्हईल सरपंच," दाजी म्हणाले.

सरपंच जाता जाता थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ताईकडं बघितलं. "काय म्हणला हा?" ताई आत गेली आणि बाहेर येऊन तिनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

दाजींनी आणखी पिंपं आणली. उकळून उकळून सगळी पिसं त्यांत भरली, प्रत्येकात पहिल्या पिंपातलं विरजण घातलं. ओढ्याच्या काठाला निळी पिंपं रांगेनं उभी राहिली आणि दाजी एका टोकापासून घुसळत निघायचे. मी शक्य त्या रविवारी जायचे. पहिल्या आठवड्यात पिसं मऊ पडली, वास बरोबर उग्र यायला लागला. माझ्या परीक्षा जवळ आल्या आणि मी परभणीला अडकले, पण मलाही वाटायला लागलं होतं, की होईल.

अडचण आली ती श्रावणी सोमवारची. ताई सोमवारचे उपवास करते आणि घरादाराला करायला लावते. तिचं म्हणणं, सोमवारी अंगणात मांसाहार नको. दाजी म्हणाले, पिसं म्हणजे मांस न्हाई. ताई म्हणाली, मग काय भाजी हाय का. दोघांनी मला फोन करून विचारलं. मी सांगितलं की ते प्रथिन आहे. "बघा," ताई म्हणाली, "अंड्यातबी तेच असतंय." मग ठरलं, की सोमवारी पिंपांना हात लावायचा नाही, झाकणं बंद. पण दाजींचा जीव राहिना. आपण निदान शाबुदाणा खातो, आणि ही पोरं दिवसभर उपाशी. उपाशीपोटी काम तरी कसं करतील? विरजणसुद्धा दुधावर जगतं. म्हणून त्यांनी सोमवारी, ताईच्या परवानगीनं, प्रत्येक पिंपात फराळ सोडला. गुळाचं पाणी, उरलेली शाबुदाण्याची खिचडी, आणि एकेक पिकलेलं केळं कुस्करून.

मला हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. घरातल्यांना जेवू घातलं हे कोण फोन करून सांगतं? त्यांनी सांगितलं ते एवढंच, की पोरं लय खूश हायत, फेस यायलाय, कान लावला तर बुडबुड ऐकू येते. मी विचारलं, वास कसा येतो. ते म्हणाले, "आता घाण न्हाई येत. गोडसर येतो." मी अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर केली. तो वास गोड यायला नको होता.

परीक्षा संपली त्याच दिवशी मी गेले. पोळा तोंडावर आला होता. झाकण काढलं तर आंबट वास आला, ताडीसारखा. मी मॅडमना फोन लावला आणि त्यांनी शांतपणे समजावलं. गूळ मिळाल्यावर पिसं खायची दगदग कोण करेल? त्यातून गुळाला दुसरेच जिवाणू आले, त्यांनी पाणी आंबट केलं, आणि आपल्या जिवाणूंना आंबट पाणी सोसत नाही. आता नव्यानं लावलं तरी करीपर्यंत होणार नाही. मी फोन ठेवला. दाजी बांबू हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी सांगितलं, जमेल तसं. त्यांनी बांबू पिंपाला टेकवून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या हातच्या फराळानं गेले."

ताई ओट्यावर उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

करीच्या दिवशी सरपंच आले, सोबत तिघं. दाजींनी स्वतः झाकणं उघडली. पिसं वर तरंगत होती, फुगलेली, धुतल्यासारखी पांढरी. एका पिंपात शाबुदाण्याचा दाणा अजून ओळखू येत होता. कुणी हसलं नाही. मला वाटतं, ते हसले असते तर बरं झालं असतं. सरपंचांनी खड्ड्याकडं बघितलं, पिंपांकडं बघितलं, खिशातलं कुलूप काढलं आणि ते हातातच धरून उभे राहिले.

"बोल की काहीतरी," ते दाजींना म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "म्हण, टिकायचं न्हाई म्हणलो व्हतो."

"न्हाई सरपंच," दाजी म्हणाले. "ह्या बारीला म्हणलो नव्हतो."

कुलूप लागलं. पिसं दूर शेतात खोल खड्डा घेऊन पुरली. पाटी पोखर्णीच्या रस्त्यावर नवं दुकान टाकणाऱ्या एका माणसानं नेली. तिच्यावर नाव नव्हतं म्हणून त्याला ती जशीच्या तशी चालली. दाजींचं आयुष्यातलं एकच भाकीत तंतोतंत खरं ठरलं, आणि त्या दिवशी त्यांनी ते कुणाला दाखवूनही दिलं नाही. कापसाचा हंगाम लागल्यावर ते मानवतला एका जिनिंगवर कामाला जायला लागले. सकाळच्या एसटीनं जातात, संध्याकाळच्या एसटीनं येतात. कुठंही बसतात. ताईनं मला फोनवर सांगितलं, "काल नवी बादली आणली. हातातबी घेऊन बघितली न्हाई. पहिल्यासारखं काहीच म्हणत न्हाईत गं. म्हणायला पायजेत." ज्या माणसाला आम्ही सगळे त्याच्या निराशेवरून हसत आलो, त्याची ती निराशा म्हणजे त्याच्या अंगावरचं घोंगडं होतं. एकदाच त्यानं ते बाजूला ठेवलं आणि नेमका तेव्हाच भिजला.

ते मूळचे जिवाणू आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये एका नळीत अजून होते. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. मॅडम म्हणाल्या, यंदा मोठ्या टाकीत करून बघू, हवेला पंप लावू. गेल्या आठवड्यात मी नळीतले थोडे जागे केले, चंबूत पीस घालून वाढवले आणि सुट्टीच्या दिवशी मानवतच्या बसस्थानकावर उतरले. का उतरले ते मला नीट सांगता येणार नाही. दाजी जिनिंगवरून आले, केसांत कापसाचे धागे, खांद्यावर दस्ती. मी ओढणी सोडून चंबू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरला. पिसाच्या कडा झिजायला लागल्या होत्या.

"हे तेच?" त्यांनी विचारलं.

"त्याच खड्ड्यातले."

"सोमवारी काय देतीस?"

"पिसंच, दाजी."

"श्रावणातबी?"

"श्रावणातबी पिसंच."

त्यांनी त्यावर विचार केला. बाजूला गाड्या लागत होत्या, कंडक्टर परभणी, परभणी ओरडत होता. दाजींनी चंबू पुन्हा फिरवून बघितला आणि हळू आवाजात म्हणाले, "टिकायचे न्हाईत."

इतके महिने त्या वाक्यासाठी आम्ही सगळे थांबलो होतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, चंबूभोवती दोनदा गुंडाळली, गाठ मारली, गाठ ओढून बघितली आणि वर आणखी एक गाठ मारली.

"खिडकीपाशी बसू नको," चंबू माझ्या हातात देताना ते म्हणाले. "गार लागंल त्यायला."

गाडी बऱ्यापैकी रिकामी होती. मी खिडकी सोडून आतल्या बाजूला सरकून बसले.